समाजाच्या भांड्यांची सिस्टिम

"प्रेमलता, जे आहे ते आधी काढ. जे असायला पाहिजे ते मागाहून. असायला पाहिजे ते सांगायला सगळं गाव बसलेलं आहे."

गौतम सरांनी मला फळ्यापाशी उभी करून हे सांगितलं होतं. कॉलेजच्या कँटीनचं काम कसं चालतं ते काढायचं होतं आणि मी त्यात टोकन दाखवलं होतं. कँटीनमध्ये टोकन नव्हतं. ज्याचा आवाज मोठा त्याला आधी समोसा, अशी पद्धत होती. मी सगळं पुसून आवाज काढला.

आता तोच विषय मी सौसरच्या एका खाजगी कॉलेजात बीसीएच्या मुलांना शिकवते. सिस्टिम अ‍ॅनालिसिस अँड डिझाईन. पुस्तक इंग्रजीत आहे, राज्य हिंदी म्हणून पेपर हिंदीत असतो, आणि समजावते मी मराठीत. एखादं काम कसं चालतं ते पाहायचं, त्याचं चित्र काढायचं, मग ते कॉम्प्युटरवर कसं चालवता येईल ते सुचवायचं, एवढाच विषय. चित्रात गोल म्हणजे काम, बाण म्हणजे माहिती, चौकोन म्हणजे बाहेरची माणसं, आणि एका बाजूनं उघडी पेटी म्हणजे साठवण. मुलांना चारही आकार छान काढता येतात. कोणता कुठं काढायचा एवढंच राहतं.

मी राहते पांढुर्ण्याला. सकाळी आंघोळ, मेणबत्ती, त्रिशरण, पंचशील, आणि मग सौसरची बस. पंचशीलातलं चौथं शील खोटं न बोलण्याचं. बसमध्ये ते पाळणं सोपं जातं, कारण बसमध्ये मी बोलतच नाही. वर्गात थोडं कठीण होतं. मुलं विचारतात, "मॅडम, यानं नोकरी लागते काय?" मी म्हणते, "आपण पुढचा आकार पाहू."

दरवर्षी मुलं प्रोजेक्ट म्हणून लायब्ररीची सिस्टिम करून आणतात. आमच्या लायब्ररीला कुलूप असतं. यंदा मी म्हटलं, लायब्ररी नको, जे खरोखर चालू आहे असं काहीतरी शोधा.

दुसऱ्या दिवशी तृप्ती उभी राहिली. ती सौसरचीच, विहाराच्या मागच्या गल्लीतली. कधी हात वर करत नाही, सरळ उभीच राहते.

"मॅडम, समाजाची भांडी चालते काय?"

"भांड्यांचं काय?"

"विहाराची आहेत ना. भाताचे गंज, कढया, पराती. कोणाच्या घरी लग्न असलं, मयत असली, पुण्यानुमोदन असलं का नेतात. अन् मग वापस आणतात. हे झाली का नाही सिस्टिम?"

मागून कुणाल म्हणाला, "आणतात काय खरंच?"

कुणाल लोधीखेड्याचा. घरी संत्र्याचा बगीचा, अंगाखाली मोटारसायकल. तृप्तीनं वळून पाहिलं. "तू गप बस. तुह्या घरची कढई नाही ते."

मी दोघांनाही एकाच गटात टाकलं.

*

विहाराच्या आवारात मागं एक खोली आहे. तिला सगळे भांड्यांची खोली म्हणतात आणि तिची किल्ली वच्छलाबाईंच्या कमरेला असते. वच्छलाबाई पांढऱ्या लुगड्यातल्या, सत्तरीच्या पुढच्या, विहारात झाडलोट करणाऱ्या. मुलाखत घ्यायला दोघं गेले तेव्हा मीही गेले, कारण मुलाखत कशी घ्यावी यावर पुस्तकात एक अख्खा धडा आहे.

कॉलेजातून माणसं आली म्हणून वच्छलाबाई सरळ बसल्या. पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला.

तृप्तीनं विचारलं, "मोठीआई, भांडं कोणाले पाहिजे असलं तर तो काय करते?"

"माह्याकडे येते. जयभीम घालते. मी खोली उघडतो, मोजून देतो."

"अन् कार्य झाल्यावर?"

"घासून आणते. मी मोजून घेतो. ठेवतो."

"कोणी आणलं नाही तर?"

"असं कोणी करत नाही."

"कधीच?"

"समाजाचं भांडं आहे, बापू," वच्छलाबाई कुणालला म्हणाल्या, जणू प्रश्न त्यानंच विचारला होता. "समाजाचं भांडं कोणी ठेवते काय?"

कुणालनं खोलीकडे पाहिलं. "उघडून दाखवता काय, आजी?"

"आता नाही. आत झाडू नाही मारला."

आवार त्यांनीच नुकतं झाडलेलं होतं. खराट्याच्या रेघा खोलीच्या दारापर्यंत नीट गेलेल्या होत्या.

तृप्तीनं सुंदर चित्र काढलं. मागणी, देणं, घेणं, असे तीन गोल. मधोमध उघडी पेटी, तिच्यावर लिहिलं, भांडी. सगळे बाण पेटीतून निघत होते आणि पेटीत परत येत होते. खाली तिनं निष्कर्ष लिहिला की सध्याची सिस्टिम अचूक आहे आणि कॉम्प्युटरची गरज दिसत नाही. इतक्या वर्षांत असा प्रोजेक्ट माझ्याकडे पहिल्यांदा आला.

मी म्हटलं, "मुलाखत झाली. आता निरीक्षण करा. जाऊन नुसतं पाहा, भांडं कुठून येतं, कुठं जातं."

"मोठीआई खोटं बोलली असं म्हणता काय मॅडम?" तृप्तीचे कान लाल झाले.

"नाही. पुस्तकात मुलाखतीनंतर निरीक्षण आहे."

निरीक्षण कुणालनं केलं, कारण गाडी त्याच्याकडे होती. लोधीखेड्याला एक लग्न होतं. तिथल्या कढया विहारातून आल्या नव्हत्या. त्या आधीच्या लग्नघरून आल्या होत्या, आणि त्या घरी त्याच्याही आधीच्या घरून. त्यानं तसाच उलटा प्रवास केला. जिथं जाईल तिथं लोकांनी चहा पाजला आणि पुढचं घर सांगितलं. विहाराचं नाव कोणी घेतलं नाही.

"मॅडम, कोणी वापसच नेत नाही. ज्याचं कार्य तो मागच्याच्या घरून उचलते. मी एका आजोबाले विचारलं, मधात विहारात काहून नाही ठेवत? तर म्हणे, कार्याचं भांडं कार्याच्याच घरी जावं, मधात थांबवू नये."

"म्हणजे अपशकुन मानतात?" मी विचारलं.

"तेच विचारलं मी. रागावले ना. म्हणे, आम्ही शकुन-अपशकुन काही मानत नाही, फक्त मधात थांबवत नाही." कुणालनं हेल्मेट काखेत घेतलं. "आमच्याकडेबी तसंच आहे म्हणा. देवळाची एक कढई नागपूरले गेली ते तिकडचीच झाली."

तृप्ती वहीवरची पेटी पाहत होती. कुणालनंच विचारलं, "मग खोलीत काय आहे?"

मी म्हटलं, "ते मी पाहते."

*

दुपारी वच्छलाबाईंकडे एकटीच गेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे, आणि किल्ली काढली.

आत खाट होती. खाटेवर वाकळ, घडी घातलेली. कोपऱ्यात गॅसची लहान शेगडी, एक तवा, एक ताट. भिंतीवर बुद्धमूर्तीचा फोटो आणि बाबासाहेबांचा, दोन्ही पुसलेले. दोरीवर दुसरं लुगडं. समाजाचं म्हणावं असं एकच भांडं होतं, एक परात, आणि तिच्यात त्यांची ज्वारी निवडून ठेवलेली होती.

"विशालचं लग्न झालं तवापासून," त्या म्हणाल्या. विशाल त्यांचा मुलगा. "सून चांगली आहे. तिले नाव ठेवाले जागा नाही. मले झोपाले जागा नाही."

"विशालला माहीत आहे?"

"त्यानंच खाट आणून देल्ली."

"आणि भांडी?"

"भांडी आली असती तर मी कुठं गेली असती?" त्यांनी परातीतला एक खडा वेचून बाहेर टाकला. "बाई, पोरीनं विचारलं तर मी जसं असाले पाहिजे तसं सांगतलं. आता तुम्ही लिहान का, खोलीत म्हातारी आहे करून?"

मी खाटेच्या कडेला बसले होते. असं वचन उभं राहून द्यायला हवं होतं, पण मी बसूनच दिलं. "वच्छलाबाई, माझ्या हातून तुमची खोली जाणार नाही."

"पक्कं?"

"पक्कं."

त्यांनी मला चहा दिला. कप एकच होता, म्हणून त्यांनी स्वतः वाटीत घेतला.

*

सकाळी वंदनेला बसले तेव्हा चौथं शील नेहमीच्याच जागी आलं. मी ते म्हटलं आणि बसमध्ये त्याचा विचार केला. खोटं बोलणार नाही, इतकंच त्यात आहे. गप्प राहण्याबद्दल त्यात काही नाही. सौसर येईपर्यंत माझं मन बरंच शांत झालं होतं.

वर्गात मी तृप्तीला म्हटलं, "ही पेटी खोडू."

"पेटी नसली तर मार्क कटतात, मॅडम."

"पेटी ठेव, नाव बदल. 'भांडी' नको. 'कोणतं भांडं कोणाकडे आहे, पुढं कोणाकडे जाणार.' भांडी फिरतीच आहेत, फिरू दे. आपण फक्त पत्ता ठेवायचा. ज्याला पाहिजे तो मोबाईलवर पाहील आणि त्या घरून आणील."

कुणालला हे फार आवडलं. तृप्तीनं नवीन चित्र काढलं. सिस्टिमच्या भोवती एक तुटक रेषा काढावी लागते, तिला सीमा म्हणतात. रेषेच्या आत जे आहे त्याची जबाबदारी आपली, बाहेरचं आपलं नाही. तिनं रेषा ओढली आणि थांबली.

"मॅडम, हे रेषा खोलीच्या अलीकडूनच काहून गेली?"

"भांडी खोलीत येत नाहीत. मग खोली सिस्टिमच्या बाहेर."

"पण मोठीआई तर खोलीत..." ती बोलता बोलता थांबली. विहाराच्या मागच्या गल्लीत ती लहानाची मोठी झालेली. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. रेषा आणखी एकदा गिरवली, जरा ठळक.

भांड्यांचे पत्ते जमवताना एक भांडं सापडेना. सगळ्यांत मोठा गंज, ज्यात अख्ख्या वस्तीचा भात होतो, दोघांनी दोन्ही कडांना धरल्याशिवाय हलत नाही, आणि ज्याच्या काठावर ठिपक्याठिपक्यांनी 'समाजाचा' असं कोरलेलं आहे. कुणाल चार दिवस फिरला आणि एका संध्याकाळी त्याचा फोन आला.

"मॅडम, गंज तुमच्या तिकडेच आहे. सावरगावले. सुनंदाबाई म्हणून आहेत कोणी."

सुनंदाबाई माझी नणंद. सावरगाव म्हणजे जाम नदीचा पूल ओलांडला की आलं. त्यांच्या पोराच्या लग्नातला भात मी त्याच गंजातून वाढला होता. काठावरची अक्षरं माझ्या बाजूला नसावीत.

मी फोन केला. माझ्या लग्नापासून आजवर सुनंदाताईंना मी काही मागितलेलं नव्हतं. त्यांनी मागितलेलं मात्र सगळं दिलं होतं, त्यामुळे आमचे संबंध चांगले आहेत.

"ताई, तुमच्याकडे सौसरच्या समाजाचा गंज आहे काय?"

"सौसरचा कायचा? आमचाच आहे तो."

"त्याच्या काठावर लिहिलेलं आहे म्हणे."

"त्यात म्हशीच्या सरकीची ढेप भिजून राहिली, वहिनी. आता काठ वाचू का म्हैस पाहू? पोराच्या लग्नानंतर पुढच्यानं न्यायला पाहिजे होता. त्यानं कॅटरर लावला. मग आम्ही काय डोक्यावर घेऊन फिरू काय?"

मी फोन ठेवला. तृप्तीला कळवलं की मोठ्या गंजाच्या पत्त्यापुढं सावरगाव लिही.

*

रविवारच्या वंदनेनंतर मुलांनी विहारात समितीपुढं प्रोजेक्ट मांडला. समितीचे अध्यक्ष यशवंतराव, निवृत्त पोस्टमास्तर. त्यांना दोन गोष्टींचा तिटकारा आहे, उशिरा येणं आणि बैठकीत बोललेलं लिहून न ठेवणं. बायामाणसं सतरंजीवर बसली होती. वच्छलाबाई शेवटच्या रांगेत, खांबाला टेकून.

तृप्ती आधी घाबरली, मग घाबरल्यासारखी दिसेनाशी झाली. कोणाची कढई कोणाकडे आहे हे पडद्यावर नावासकट दिसायला लागलं तेव्हा सतरंजीवर मोठी हालचाल झाली.

"हे पाह्य! माही परात हिच्याकडे! अन् मले म्हणे, चोरीले गेली!"

"तुही कायची? समाजाची आहे."

"मग समाजाले विचारून ठेवली होती काय तू?"

यशवंतरावांनी हात वर केला. त्यांना प्रोजेक्ट फार आवडला होता. हे वाईट झालं. "छान. फारच छान. पण अशी चीज मोबाईलवर ठेवणं बरं नाही. कॉम्प्युटर पाहिजे. माह्या पुतण्याच्या ऑफिसात एक जुना निघून राहिला, तो मी मागून घेतो. अन् ठेवू भांड्याच्या खोलीतच. बाहेर पाटी लावू. उद्घाटन करू."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. वच्छलाबाईंनीही वाजवल्या.

"मॅडम," यशवंतराव माझ्याकडे वळले, "खोलीत सध्या काय आहे? मोजमाप घ्यावं लागन."

गप्प राहण्याबद्दल शीलात काही नाही, हे मला आठवत होतं. पण प्रश्न मला नाव घेऊन विचारला होता, विहारात, मूर्तीसमोर, आणि सगळे माझ्या तोंडाकडे पाहत होते. यशवंतराव थांबून राहिले. माणूस पोस्टात होता, त्याला थांबायची सवय होती.

"खोलीत वच्छलाबाई राहतात," मी म्हटलं.

कोणी दचकलं नाही. सगळ्यांनी खाली पाहिलं. सतरंजीच्या पट्ट्यांत अचानक सगळ्यांना काहीतरी दिसायला लागलं. मला तेव्हा कळलं की हे विहारातल्या लहान पोरांनाही ठाऊक होतं. ते कोणी बोललेलं नव्हतं, एवढंच.

यशवंतरावांनी चष्मा काढला. "मॅडम, हे मले माहीत होतं."

"मग विचारलं कशाला?"

"मले वाटलं तुम्ही म्हणान, सामान आहे; मग कॉम्प्युटर एका कोपऱ्यात बसला असता अन् म्हातारी राहिली असती." त्यांचा आवाज खरोखर दुखावलेला होता. "आता बैठकीत बोलून देल्लं तुम्ही. आता लिहावं लागते. लिहिलं का ठराव करावा लागते. समाजाच्या खोलीत कोणी राहते हे ठरावात कसं आणू मी?"

मागून कोणीतरी म्हणालं, "राहू द्या ना म्हातारीले."

"राहू द्या म्हणाले काय लागते? लेखी काय द्यायचं?"

मग बराच वेळ चर्चा झाली. विशालला बोलवावं असं एक जण म्हणाला, विशाल तिथंच बसलेला आहे असं दुसरा म्हणाला. शेवटी यशवंतरावांनी स्वतःच ठराव सांगितला, एकेक शब्द तोलून. खोली भांड्यांसाठी आहे. भांडी असतील तर राखणदार लागेल, आणि राखणदारानं तिथंच राहणं योग्य. भांडी नसतील तर राखणदार कसला? तेव्हा येत्या पौर्णिमेपर्यंत समाजाची सगळी भांडी खोलीत दिसावी, मोठ्या गंजासह. न दिसल्यास खोलीत कॉम्प्युटर बसवण्यात येईल.

"मोठ्या गंजासह कशाला?" तृप्तीनं विचारलं.

"तो नाही तर बाकीच्याले काय अर्थ आहे?" यशवंतराव म्हणाले, आणि सगळ्यांना ते पटलं.

बाहेर पायऱ्यांवर वच्छलाबाई चपला शोधत होत्या. मी जवळ गेले. त्या म्हणाल्या, "चूप राहता आलं असतं, बाई."

"विचारलं ना त्यांनी."

"व्हय. विचारलं तर खरं." त्यांनी चप्पल पायात सरकवली. "खाट मधून काढावी लागन आता. भांडी आली तर एका अंगाले लावू. अन् नाही आली तर उचलाले सोपी."

पक्कं, असं मी म्हटलं होतं. त्या शब्दाची त्यांनी आठवणसुद्धा दिली नाही. दिली असती तर बरं वाटलं असतं.

लहान भांडी मुलांनी जमवायला घेतली. कुणालनं बगीच्यातून संत्री वाहायची घरची गाडी मागितली. बापानं विचारलं, कायले? तर म्हणाला, अभ्यासाले. घराघरांतून कढया निघायला लागल्या. काहींनी घासून दिल्या, काहींनी तोंड वाकडं करून दिल्या. एका घरी पुढच्या महिन्यात लग्न होतं. ते म्हणाले, नेऊन ठेवा आणि मग आम्हीच घेऊन येऊ, पण याले म्हणतात काय ते सांगा. तृप्ती म्हणाली, "याले सिस्टिम म्हणतात, काकाजी."

वच्छलाबाईंनी खाट भिंतीला लावली. तिच्याखाली पराती बसल्या, पायथ्याशी कढया. झोपताना पाय थोडे आखडावे लागतात, असं त्यांनी तृप्तीला सांगितलं, तक्रार म्हणून नव्हे. मोठ्या गंजाची जागा मधोमध मोकळी ठेवली होती.

गंजाचा विषय कोणी माझ्याकडे काढला नाही. नणंद माझी, हे सगळ्यांना कळलेलं होतं.

पौर्णिमेच्या आदल्या सकाळी मी वंदना केली. कॉलेजला त्या दिवशी सुट्टी होती. फडताळातून नारळाची दोरी काढली आणि चौकातल्या हातठेलेवाल्याला पुलापाशी थांबायला सांगून आले; बसस्टँडपर्यंत ठेला, पुढं सौसरच्या बसचा टप. पदर खोचत होते तर यजमानांनी पेपरमधून डोकं वर काढलं.

"कुठं निघालीस?"

"सावरगावला. ताईंकडे."

"कायले?"

"गंज आणायला."

त्यांनी पेपर खाली ठेवला. आपल्या बहिणीला ते माझ्यापेक्षा जास्त वर्षं ओळखतात. "ते देत नाही."

"माहीत आहे."

"मंग काय म्हणशील तिले?"

"मागेन."

"अन् नाही म्हणाली तर?"

"बसेन."

त्यांनी माझ्या हातातली दोरी पाहिली. "मी येऊ काय सोबत?"

"नको. तुमच्यासमोर त्यांना जास्त जोर येतो." म्हशीची ढेप भिजायला दुसरं काही लागेल, म्हणून मोरीतलं आमचं घमेलं उचललं, ते पालथं करून झटकलं, दोरी त्यात ठेवली, आणि पुलाच्या दिशेनं चालायला लागले.